बाईसाहेबांच्या मनात काय असतं?

पार्लरवाल्या वहिनींना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्या छातीठोकपणे सांगत. मंत्रिमंडळ राहिलं काय आणि गेलं काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण राष्ट्राध्यक्षांच्या बायकोनं कानातलं बदललं, की वहिनींच्या दुकानात दिवसभर दुसरा विषय नसे.

वहिनी म्हणजे कुणा एकाच्या वहिनी नव्हेत. त्यांची नणंद त्यांच्याच दुकानात काम करायची आणि येता-जाता "वहिनी, पाणी तापलं", "वहिनी, पिना संपल्या" असा घोष लावायची. गिऱ्हाइकांनी तेच उचललं आणि बघता बघता त्या साऱ्या रस्त्याच्या वहिनी झाल्या. दुकान केवढं, तर दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, केस धुवायचं बेसिन आणि डोक्यावर टोपासारखं बसणारं, घरघर करणारं केस वाळवायचं यंत्र. ते सुरू असलं की आत बसलेल्या बाईला बाहेरचं काही ऐकू येत नसे. म्हणून तिच्याबद्दल बोलायला तीच वेळ उत्तम.

आरशाभोवतीची भिंत फोटोंनी गच्च भरलेली होती. इतर दुकानांत नट्या असतात, इथे देशोदेशीच्या पुढाऱ्यांच्या बायका होत्या. कुणी विमानाच्या शिडीवरून उतरतेय, कुणी इस्पितळात परक्याचं तान्हं मूल घेऊन हसतेय, कुणी नवऱ्याच्या अर्धं पाऊल मागे उभी राहून त्याच्या कोटावरचा धागा हळूच काढतेय. आणि आरशाला अगदी खेटून आपल्या स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांच्या बाईसाहेब. हा फोटो सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत स्वच्छ, कारण वहिनी तो रोज पुसायच्या. स्वतःच्या लग्नाचा फोटो कपाटावर धूळ खात होता, ती गोष्ट वेगळी.

"राज्य साहेब चालवतात असं वाटतं का तुम्हाला?" वहिनी कात्री हवेत धरून विचारायच्या. मान वळवायची सोय नसलेलं गिऱ्हाईक आरशातूनच नकार द्यायचं. "साहेब बोलतात. बोलायला काय लागतं? पण थांबायचं कधी, हे कोण ठरवतं? बाईसाहेब! नीट बघा कधी टीव्हीवर. भाषण लांबलं की त्या पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घेतात. घेतली, की दोन वाक्यांत भाषण खलास. देशाचा ब्रेक त्यांच्या हातात आहे."

"हात दुखत असेल बिचारीचा," नणंद बेसिनपाशी म्हणायची.

नणंद म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची बहीण. लग्न केलं नाही, पण दुसऱ्यांच्या लग्नातलं तिला सगळं कळतं असा तिचा दावा होता. वहिनींनी फुगवलेला फुगा टाचणी लावून फोडणं हे ती कर्तव्य म्हणून करायची. तरी दिवसभर एकमेकींशिवाय दोघींचं पान हलत नसे.

दोघींचं खरं भांडण एकाच प्रश्नावरून होतं. साहेब भाषण करत असतात तेव्हा बाईसाहेब त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेवरून. मान जराशी कललेली, ओठांवर हसू, डोळे अर्धवट मिटल्यासारखे मऊ, आणि पापणी म्हणून हलायची नाही. तेच भाषण त्या बाईनं कितीदा ऐकलं असेल! तरी बघणं असं, की जणू पहिल्यांदाच ऐकतेय. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललेलं असतं?

"देश," वहिनी म्हणायच्या. "कुठे पूल नाही, कुठे शाळा नाही, सगळं डोळ्यांपुढून जात असतं त्यांच्या. साधी नजर आहे का ती?"

"बूट चावत असतात," नणंद म्हणायची. "दुसरं काही नाही."

"वन्सं, तुम्हाला ना, मोठं काही बघवतच नाही."

"आणि दादा जेवताना लिफ्टची कथा सांगतो, तेव्हा तुझ्या मनात काय असतं गं?"

वहिनींचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली, आत कोण होतं, ते काय ओरडलं आणि यांनी वरून काय उत्तर दिलं, हे ते रोज जेवताना पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सांगत. लिफ्ट बदलायची, गोष्ट तीच असायची.

"मी ऐकत असते!" वहिनी ताठ मानेनं म्हणायच्या. "मनापासून ऐकते."

शेवटी पैज लागली. हरेल तिनं वर्षभर दुकानातले टॉवेल धुवायचे. आता पैज लावणं सोपं, निकाल कोण देणार? बाईसाहेब राजधानीत, या दोघी इथे पिना मोजत. पण वहिनींनी मनाशी एक गोष्ट पक्की धरून ठेवली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा त्या बाईंची भेट व्हावी आणि हा एकच प्रश्न विचारता यावा. घर नको, गाडी नको. उत्तर मिळालं की जन्माचं सार्थक.

आणि एके दिवशी बातमी आली, की रस्त्याच्या टोकाला बांधलेल्या नव्या प्रसूतिगृहाच्या उद्घाटनाला साहेब येणार. सोबत बाईसाहेब.

मग काय विचारता! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर अख्खा रस्ता उतावळा झाला होता. शिक्षिका, परिचारिका, पोस्टातल्या बाई, बेकरीवाली आणि तिची सासू, सगळ्यांना एकच हवं होतं: बाईसाहेबांसारखे केस. एका बाजूला भांग, कपाळावरून वळत गेलेली एक लाट, मागे सैलसा अंबाडा. ही केशरचना गावात वहिनींनीच रुजवली होती. त्यांची पद्धत ठरलेली. बाईला खुर्चीत बसवायचं, मागे उभं राहायचं, एक नजर फोटोवर, एक नजर आरशावर. आरशातलं डोकं आणि फोटोतलं डोकं तंतोतंत एकसारखं दिसेपर्यंत गिऱ्हाइकाला उठू द्यायचं नाही. बाईसुद्धा आरशात बघायची, फोटोत बघायची आणि हरखून जायची.

गिऱ्हाईक नसलं की तालीम. नणंद बाईसाहेब व्हायची, पर्स म्हणून मांडीवर पिनांचा डबा घ्यायची.

"बाईसाहेब, राग मानणार नसलात तर एक विचारू?"

"विचार. पण लवकर, मला तिकडे पूल बांधायचाय."

"वन्सं!"

उद्घाटनाच्या दिवशी सकाळपासून दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचं गिऱ्हाईक मांडवाकडे पळालं, वहिनींनी स्वतःच्या कपाळावरची लाट आरशात बघून एकदा शेवटची दाबली आणि कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात मैदानात हेलिकॉप्टर उतरल्याचा आवाज आला. पत्रे थडथडले, कागद उडाले. पाठोपाठ काळ्या गाड्या रस्त्यात शिरल्या आणि त्यातली एक वहिनींच्या दारात थांबली.

छातीशी फाइल धरलेली एक तरतरीत बाई उतरली. ती बाईसाहेबांची सचिव. "इथे केस कोण करतं?"

नणंदेनं वहिनींकडे बोट दाखवलं.

"हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं बाईसाहेबांच्या केसांचं पार घरटं झालंय. त्यांची नेहमीची मुलगी मागच्या गाडीत आहे आणि ती गाडी वाटेत बंद पडलीय. साहेब तिकडे इमारत बघताहेत तोवर आवरायचं. जमेल?"

जमेल का म्हणे! वहिनींनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांनाही कळलं नाही. दोन अंगरक्षक आत शिरले. एकानं केस वाळवायच्या यंत्रात डोकं घालून बघितलं. आणि तेवढ्यात नणंदेच्या लक्षात आलं ते भयंकर होतं: भिंत! चारी बाजूंनी पुढाऱ्यांच्या बायकाच बायका, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्या बाईसाहेब. त्या बघतील तर काय म्हणतील? नणंदेनं हाताला लागतील ते टॉवेल खिळ्याखिळ्यावर फेकले. क्षणात दुकानाची धोबीघाटासारखी अवस्था झाली. आरशाला खेटलेला मोठा फोटो मात्र राहिलाच, कारण कोरडे टॉवेल संपले.

आणि बाईसाहेब आत आल्या. टीव्हीत वाटतात त्यापेक्षा बुटक्या. खुर्चीत बसल्या, आणि बसता बसताच त्यांनी पायांतून बूट सोडले. टाचेवर चिकटपट्टी होती. नणंदेनं वहिनींना कोपर मारलं आणि विजयी मुद्रेनं टाचेकडे डोळे फिरवले.

"फार काही नको," बाईसाहेब म्हणाल्या. "माणसांत जाण्यासारखी करा, एवढंच."

सचिवबाई आणि रक्षक दाराबाहेर थांबले. दार लागलं.

वहिनींनी गरम टॉवेल पिळून त्यांच्या मानेवर ठेवला. केस मोकळे करून त्यांवर पाण्याचा हात फिरवला. कंगवा हातात आला तशी बोटांना हिंमत आली आणि बोटांकडून ती हळूहळू वर चढत जिभेपर्यंत पोचली. आयुष्यभर घोकलेला क्षण समोर खुर्चीत बसला होता. वहिनींनी आरशात बघितलं, आणि त्यांचा कंगवा हवेतच थांबला. बाईसाहेब आरशातून त्यांच्याकडेच बघत होत्या. मान जराशी कललेली, ओठांवर हसू, डोळे मऊ. तीच नजर! जी साहेबांच्या वाट्याला येते, ती नजर वहिनींच्या वाट्याला!

"बाईसाहेब," वहिनी म्हणाल्या, "एक विचारू? साहेबांचं भाषण चालू असतं, तेव्हा तुम्ही असं बघता त्यांच्याकडे... तर तेव्हा तुमच्या मनात काय असतं हो?"

बाईसाहेब हसतच होत्या. वहिनी वाट बघत राहिल्या. नणंद पुढे झुकली.

आणि खुर्चीतून बारीकसा आवाज आला: घुर्रर्र.

नणंदेनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. वहिनी तशाच उभ्या. बाईसाहेबांना झोप लागली होती. गाढ. आयुष्यातून एकदाच मिळणारी संधी, आणि समोरचं माणूस घोरतंय. वहिनींना रडू यायचं बाकी राहिलं. हात खांद्यावर ठेवून हलकेच हलवलं असतं तरी पुरलं असतं. "हलव ना," नणंद खुणेनं म्हणालीसुद्धा.

पण इतक्या जवळून वहिनींना फोटोत कधी न दिसलेलं दिसत होतं. पावडरीखालची डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं. गळ्यातलं पदक संथपणे वर-खाली होत होतं. देशभराच्या पुलांचं उद्घाटन करत फिरणाऱ्या या बाईला घटकाभर झोपू कोण देत असेल? हात खांद्यापर्यंत गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

दारावर टकटक झाली. वहिनींनी दार बोटभर उघडलं आणि देशाच्या सर्वोच्च कार्यालयातून आलेल्या त्या सचिवबाईला, सासूनं सुनेला दटावावं तसं दटावलं, "अजून पाच मिनिटं! केस ओले आहेत. ओल्या केसांनी मंचावर पाठवू का? सर्दी झाली तर तुम्ही निस्तरणार?"

दार बंद. केस केव्हाच वाळले होते. राष्ट्राध्यक्ष थांबले, मांडव थांबला, बँड थांबला. वहिनींनी दबक्या हातानं, एक नजर फोटोवर, एक नजर आरशावर, असं आपलं नेहमीचं काम पुरं केलं. अंबाड्यात शेवटची पिन खोचली, तेव्हा आरशातलं डोकं आणि फोटोतलं डोकं तंतोतंत एक झालं होतं.

पुन्हा टकटक. बाईसाहेब दचकून जाग्या झाल्या. त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्याच्या डाव्या बाजूला गेला.

"माझा भांग इकडे असतो ना?"

"छे छे," वहिनी ठामपणे म्हणाल्या. भांग खुद्द बाईसाहेबांच्या डोक्यावर होता, पण वहिनींचा अभ्यास दांडगा. "हा बघा फोटो. उजवीकडेच आहे."

"वहिनी," नणंद पडलेल्या आवाजात म्हणाली, "आरसा."

वहिनींनी फोटो बघितला. आरसा बघितला. परत फोटो बघितला. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण असा प्रकाश वैऱ्याच्याही डोक्यात पडू नये. फोटोतली बाई आपल्याकडे तोंड करून असते, तेव्हा तिचा डावा भांग आपल्या उजव्या हाताला दिसतो. वहिनी तो आरशात जुळवत होत्या, आणि आरशातली उजवी बाजू ही खुर्चीतल्या बाईचीही उजवीच. म्हणजे इतकी वर्षं साऱ्या गावाच्या डोक्यावर उलटा भांग! बायकांनी स्वतःला आरशातच बघितलं होतं आणि बाईसाहेबांना फोटोत, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. आता सगळा गाव उलट्या भांगानं मांडवात बसला होता, आणि वहिनींच्या हातानं खुद्द बाईसाहेबांचीही त्यात भर पडली होती.

बाईसाहेब मात्र फोटोकडे आणि आरशाकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग त्या खळखळून हसल्या. "म्हणजे मी लोकांना अशी दिसते होय! मी तर आरशात जन्मात कधी स्वतःला असं बघितलं नव्हतं." बूट चढवता चढवता त्यांनी विचारलं, "तुम्ही मघाशी मला काही विचारत होतात का?"

नणंदेनं मागून पाठीत बोट खुपसलं. दारात सचिवबाई घड्याळ बघत उभी.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "टॉवेल फार गरम नाही ना, एवढंच."

बाईसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन घट्ट दाबला आणि त्या गेल्या. वहिनी हाताकडे बघत राहिल्या. प्रश्न तसाच राहिला याचं दुःख होतं, आणि हातात आनंद मावत नव्हता.

दोघी धावत मांडवात पोचल्या. शिक्षिका, परिचारिका, पोस्टातल्या बाई, बेकरीवाली, तिची सासू, सगळ्यांचे भांग उजवीकडे. मंचावर बाईसाहेब आल्या, भांग उजवीकडे. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"फोटोत जरा वेगळ्याच दिसतात, नाही?" बेकरीवाली म्हणाली.

"फोटोत कुठे माणूस खरं दिसतं!" सासू म्हणाली. "केस बघ. डिट्टो तुझ्यासारखे."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. साहेब बोलायला उभे राहिले. माता म्हणजे काय, बालक म्हणजे काय, भविष्य म्हणजे काय. बाईसाहेबांनी मान जराशी कलती केली. ओठांवर हसू आलं, डोळे मऊ झाले. साऱ्या मांडवानं कौतुकानं उसासा सोडला. वहिनींचं लक्ष मात्र गळ्यातल्या पदकाकडे गेलं. ते संथपणे वर जात होतं, खाली येत होतं. मघासारखंच. खुर्चीतल्यासारखंच.

नणंदेनं त्यांच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "वहिनी! अगं, झोपल्यात त्या!"

वहिनींना उत्तर मिळालं होतं. देश नाही, बूट नाही. काहीच नाही! इतकी वर्षं, इतक्या सभा, कॅमेऱ्यांसमोर, डोळे उघडे ठेवून, हसतमुखानं, ती बाई सुखानं झोपत होती आणि जगाला पत्ता नव्हता. दुसरी कुणी असती तर तिचं मन मोडलं असतं. वहिनींना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. काय ती कला! काय ती तपश्चर्या!

भाषण लांबलं. मुलं चुळबुळू लागली. आणि पापणीही न हलवता, तसंच हसत, बाईसाहेबांनी पर्स डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. साहेबांनी कागद दुमडला आणि दोन वाक्यांत ते खाली बसले.

"झोपेतसुद्धा देश चालवते गं बाई माझी!" वहिनी ओरडल्या, पण टाळ्यांत कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. बाईसाहेबांचा भांग नेहमीच्या जागी दिसेना, म्हणून तिथल्या कुणा हुशार माणसानं फोटोच उलटा करून छापला होता. भांग जागेवर आला, पण साहेब डाव्या हातानं फीत कापत होते आणि प्रसूतिगृहाच्या पाटीवरची अक्षरं उलटी पळत होती. वहिनींनी तो कापून भिंतीवर लावला.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. टॉवेल कुणी धुवायचे यावर दुपारभर वाद झाला होता. दोघीही हरल्या होत्या, त्यामुळे आलटून पालटून धुवायचं ठरलं. मिस्टरांनी पहिला घास घेतला.

"आज त्या पिवळ्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत एक गृहस्थ. मी वरून विचारलं, घाबरलात का? तर ते म्हणतात..."

नणंदेनं सहज मान वर केली आणि तिचा घास हातातच राहिला. वहिनी नवऱ्याकडे बघत होत्या. मान जराशी कललेली, ओठांवर हसू, डोळे मऊ. पापणी हलत नव्हती.

"तू ऐकतेस ना, म्हणून सांगावंसं वाटतं बघ," मिस्टर भारावून म्हणाले आणि चौथ्या मजल्यावरून पुन्हा तिसऱ्यावर आले. गोष्ट लांबली. वहिनींच्या डाव्या हातात वाढायचा डाव होता. तसंच हसत, कुठेही नजर न हलवता, त्यांनी तो उजव्या हातात घेतला.

"तर थोडक्यात," मिस्टर म्हणाले, "निघाली लिफ्ट." आणि ते गुपचूप जेवू लागले.

नणंदेला असा ठसका लागला, की पाणी प्यावं लागलं. त्या आवाजानं वहिनी दचकल्या आणि डोळे चोळत म्हणाल्या, "काय झालं वन्सं? मी ऐकतेय ना."